सूर्य मावळण्याची मुदत कोणाला?

लग्नसराई जवळ आली की खान्देशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पतिपत्नींसाठी संदेश आणि शिबिरे सुरू होतात. नवापूर-धडगावकडचे मावची, भिल्ल, पावरा आदिवासी विश्वासणारे असोत की भुसावळच्या रेल्वे वसाहतीतली कुटुंबे, एक वचन सगळीकडे हमखास येते : ‘तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये.’ मग वाद रंगतो. ज्येष्ठ म्हणतात, राग हे पाप आहे. झोपण्याआधी क्षमा करा आणि विषय मिटवा. तरुण म्हणतात, राग दाबला की माणूस आजारी पडतो. मनात ठेवू नका, बोलून, ओरडून मोकळे व्हा. दोन्ही बाजू एकच गोष्ट धरून बसल्या आहेत, की राग म्हणजे कुकरातली वाफ आणि प्रश्न एवढाच, की शिट्टी होऊ द्यायची की झाकण दाबून धरायचे. राग कशाचा आला? चूक कोणाची होती? आणि ज्याची चूक होती त्याने त्यानंतर काय केले? हे तीन प्रश्न या वादात कोणी विचारत नाही, आणि पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, तर नेमके हेच विचारायचे आहेत.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट सांगतो. प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्रातले हे वचन आपल्याकडे उलट्या माणसावर लादले जाते. ज्याने हात उगारला, ज्याने चारचौघांत अपमान केला, तो गाढ झोपतो. आणि जिला ते सोसावे लागले तिला सांगितले जाते, की बाई, सूर्य मावळायच्या आत मन साफ कर. क्षमेचा हा अर्थ शास्त्रात नाही. राग ही वर्दी आहे. ती ऐकायची, खरी की खोटी हे तपासायचे आणि तिच्यावर कारवाई करायची. वर्दी आणणाऱ्याला गप्प केले म्हणजे गुन्हा मिटत नाही.

आता वचन मुळातून वाचू. पौल ‘रागावा, परंतु पाप करू नका’ असे लिहितो ते चौथ्या अध्यायाच्या सव्विसाव्या ओवीत. तिच्या आधीची, पंचविसावी ओवी किती जण वाचतात? तिथे लिहिले आहे, की लबाडी सोडून प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याशी खरे बोलावे, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. क्रम खरे बोलण्यापासून सुरू होतो. मनात निखारा धगधगत असताना ‘काही नाही हो, झाले गेले’ म्हणून जी बाई झोपायला जाते, तिने सव्विसावी ओवी पाळली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तिला पंचविसावी मोडायला लावलेली असते. शिवाय ‘रागावा, पाप करू नका’ हे शब्द पौलाचे स्वतःचे नाहीत, ते चौथ्या स्तोत्रातले आहेत. आणि ते स्तोत्र पुढे काय म्हणते? अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशी विचार करा आणि स्तब्ध राहा. म्हणजे ज्या ओवीच्या आधाराने आपण ‘झोपण्याआधी सगळे मिटलेच पाहिजे’ म्हणतो, ती ओवी जिथून आली तिथे रात्र विचारासाठी राखून ठेवलेली आहे.

शास्त्रात अशा आणखी दोन रात्री आहेत. नाबालच्या उर्मटपणामुळे पुढे राजा झालेल्या दाविदाचे चारशे माणसांचे पथक तलवारी बांधून निघाले, तेव्हा नाबालची बायको अबीगईल हिने वाटेत जाऊन अनर्थ टाळला. ती घरी परतली तर नवरा राजासारखी मेजवानी घालून झिंगलेला. तिने काय केले? पहाट होईपर्यंत त्याला अवाक्षर सांगितले नाही. सकाळी दारू उतरल्यावर सगळे सांगितले. सूर्य मावळला, पुन्हा उगवला, आणि मगच विषय निघाला. मोहाची दारू घरोघरी ठाऊक असलेल्या आपल्या पश्चिम पट्ट्यात तर ही गोष्ट प्रत्येक विवाहशिबिरात वाचली गेली पाहिजे : प्यालेल्या माणसाशी त्या रात्री कोणताही हिशेब करायचा नाही, मग आकाशात सूर्य असो वा नसो. दुसरी रात्र खुद्द प्रभूची. ‘येशूनेही मंदिरात आसूड उचललाच ना?’ असे म्हणणारे नवरे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी मार्काच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय उघडावा. येशू मंदिरात आला, सभोवार सर्व पाहून घेतले, आणि संध्याकाळ झाली म्हणून बेथानीला निघून गेला. चौरंग उलथले ते दुसऱ्या दिवशी. रागाच्या भरात केलेले ते कृत्य नव्हते. मध्ये एक अख्खी रात्र होती. आणि तो राग कोणासाठी होता? ‘सर्व राष्ट्रांसाठी’ असलेल्या प्रार्थनागृहात ज्यांच्या वाट्याला जागाच उरली नव्हती त्यांच्यासाठी. भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावणाऱ्याला या प्रसंगात आसरा नाही.

मग सूर्यास्ताची मुदत कशासाठी? नियमशास्त्रात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, माणसामाणसांतल्या देण्याघेण्यात ही मुदत कुठे येते ते पाहा. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात : गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण त्याचे चित्त तिच्याकडे लागलेले असते. निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात : शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी परत कर, नाहीतर तो कशात झोपेल? दोन्ही ठिकाणी मुदत ज्याच्याकडे दुसऱ्याचे देणे आहे त्याला आहे. कापूस वेचून दिवस मावळताना मजुरीसाठी बांधावर उभ्या राहिलेल्या बाईला कोणी ‘मन मोठे कर’ म्हणत नाही. शेतमालकाला ‘पैसे दे’ म्हणतात. लहानपणापासून नियमशास्त्र शिकलेल्या पौलाने सूर्यास्त हा शब्द वापरला, तो या कानांनी ऐकला तर वचनाचा रोख बदलतो. ज्या घरात ज्याचा हात वर, मुदत आधी त्याची.

माझ्या या मांडणीवर वजनदार आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही. पहिला थेट शास्त्रातला. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात भावावर रागावणाऱ्याला खुनाच्याच रांगेत उभे केले. याकोब आपल्या पत्रात म्हणतो, माणसाच्या रागाने देवाचे नीतिमत्त्व घडत नाही. पौल स्वतः पाचच ओव्या पुढे संताप, क्रोध, गलबला दूर करा म्हणतो. हे सगळे खरे आहे. आपले दहातले बरेच राग मीपणाचे असतात, आणि ‘माझा राग न्यायाचा आहे’ असे वाटणे हे तो न्यायाचा असल्याचे लक्षण नव्हे. पण डोंगरावरच्या त्याच प्रवचनात, रागाच्या इशाऱ्यालाच लागून, प्रभूने उपाय कोणाला सांगितला? वेदीजवळ अर्पण आणल्यावर ‘आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे’ हे ज्याला आठवते, त्याला. ‘अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर.’ ज्याच्यावर कोणी रागावले आहे त्याने उठून जायचे आहे. आपल्याकडे प्रभुभोजनाच्या रविवारी मन दुखावलेली बायको ‘मन शुद्ध नाही’ म्हणून मागे बसते आणि दुखावणारा पुढे जाऊन भाकर-प्याला घेतो, तेव्हा ही ओवी आपण डोळ्यांदेखत उलटी करत असतो. पौलाच्या यादीचा क्रमही पाहण्याजोगा आहे : कडूपण, संताप, क्रोध, गलबला, निंदा. आत कुजलेले बाहेर कसे येते त्याची ती चढती पायरी आहे. न हाताळलेला राग असाच चढत जातो.

दुसरा आक्षेप परंपरेचा. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनची आई मोनिका हिचा नवरा पॅट्रिसियस अतिशय तापट होता. तो रागात असताना ती कृतीने किंवा शब्दाने कधी आडवी गेली नाही, तो शांत झाला की वेळ पाहून आपली बाजू सांगत असे, आणि त्याने तिला मारल्याचे कधी ऐकिवात आले नाही, असे ऑगस्टिनने लिहिले आहे. सोळा शतके हे उदाहरण स्त्रियांना दिले जाते. मोनिकेचे शहाणपण मला मान्य आहे. पण ते कशात आहे? वेळ निवडण्यात. तिने बोलणे सोडले नव्हते, पुढे ढकलले होते. आणि त्याच मजकुरात ऑगस्टिन गावातल्या इतर बायकांबद्दल सांगतो, की त्यांचे नवरे पॅट्रिसियसपेक्षा शांत असूनही त्यांच्या चेहऱ्यावर माराचे वळ असत. त्यांनाही मोनिकेने नवऱ्यापुढे नमते घेण्याचाच सल्ला दिला, ही तिच्या काळाची मर्यादा आहे. तिच्या संयमाचा आदर करताना तिच्या काळाचा कायदा आपण धर्म म्हणून का उचलावा?

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण सर्वांत खोल तोच आहे. आपण मराठी ख्रिस्ती लोक षड्रिपूंच्या भाषेत वाढलो. काम-क्रोध-लोभ-मोह-मद-मत्सर यांतला क्रोध म्हणजे शत्रूच. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर कोणी एकशे आठ वेळा थुंकला आणि नाथ तितक्या वेळा शांतपणे पुन्हा नदीवर गेले, ही आख्यायिका आपल्या हाडामासात आहे, आणि नकळत आपण येशूलाही नाथांच्या चेहऱ्याने पाहतो. नाथांच्या शांतीपुढे मी हात जोडतो. पण ती शांती एका पुरुषाने, गावात मान असलेल्या पुरुषाने, स्वतःहून पत्करली होती. रात्रंदिवस मार खाणाऱ्या परस्वाधीन बाईवर ती कोणी लादली नव्हती. शुभवर्तमानातला येशू वेगळाही आहे. वाळलेल्या हाताच्या माणसाकडे पाहूनही गप्प बसलेल्या लोकांकडे त्याने ‘रागाने पाहिले’, आणि ‘खिन्न’ झाला, असे मार्क एकाच वाक्यात लिहितो. राग आणि दुःख एकत्र. त्यानंतर त्याने जे केले ते हात बरा करणे होते. आणि जेव्हा प्रमुख याजकासमोर शिपायाने त्याला चपराक मारली तेव्हा? ‘दुसरा गाल पुढे कर’ शिकवणाऱ्यानेच विचारले : मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे; बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? त्याने हात उचलला नाही, शिवी दिली नाही, पण मारणाऱ्याला उत्तर द्यायला भाग पाडणारा प्रश्न विचारला. हाच प्रश्न एखाद्या सुनेने विचारला तर मंडळीत तिला उद्धट म्हणतात.

मराठी ख्रिस्ती घरांना याचे एक आपले उदाहरण आहे. नारायण वामन टिळक शीघ्रकोपी होते. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त, ज्यांचा पहिला भाग १९३४ साली आला, तो राग आडपडदा न ठेवता आणि हसत लिहिला आहे. आपण ते वाचून हसतो आणि म्हणतो, राग लवकर यायचा, लवकर जायचा, माणूस मनाचा निर्मळ. पण ज्याचा राग लवकर जातो त्याचा जातो; ज्याच्यावर पडतो त्याच्याकडे तो राहतो. लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे, की त्यांनी प्रेमही केले आणि झाले ते लिहूनही ठेवले. क्षमा करण्यासाठी त्यांना खोटे बोलावे लागले नाही.

तरुणांच्या बाजूकडेही वळायला हवे. राग गिळण्याचे दुष्परिणाम ते सांगतात ते खरे. पण ओरडून राग निवतो हे खरे नाही. २०२४ साली दीडशेहून अधिक अभ्यास एकत्र करून तपासले गेले तेव्हा दिसले, की शरीराचा आवेग कमी करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे सावकाश श्वास, विश्रांती, ध्यान यांनी राग उतरतो. आवेग वाढवणाऱ्या गोष्टींनी तो उतरत नाही, आणि नुसत्या धावण्याने तर उलट वाढल्याचे दिसले. भांडी आपटणे हा राग काढणे नसून रागाचा सराव आहे. नीतिसूत्रांनी मृदू उत्तराने कोप शमतो म्हटले, ते शरीरालाही लागू पडते.

तर मग प्रत्यक्षात काय करायचे? नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली, कान तापले, समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी उत्तर तयार झाले, की तिथे थांबायचे. त्या अवस्थेत माणूस ऐकू शकत नाही. शरीर खाली यायला किमान वीस मिनिटे लागतात. पण थांबताना सांगून थांबायचे : ‘माझे डोके तापले आहे, अर्ध्या तासाने बोलू.’ इथेच बहुतेकांचे बिनसते. न सांगता चप्पल घालून निघून गेले तर समोरच्याला ते टाकून जाणे वाटते, आणि अर्ध्या तासाचे दोन दिवस झाले की त्याचा अबोला होतो. अबोला ही शांती नसून शिक्षा आहे. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात ‘ती असे म्हणाली, तर मी असे म्हणेन’ ही तालीम चालू ठेवली तर नाडी उतरतच नाही. म्हणून चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. किंवा एखादे स्तोत्र सावकाश, ओठ हलवत. दिवाळीनंतर गुजरातच्या कारखान्यांवर ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला, ज्याला मुकादम ‘एक कोयता’ म्हणून मोजतो, दुसरी खोली कुठून मिळणार असे कोणी विचारेल. खोली नको, पाण्याची घागर घेऊन बोअरवर जाऊन येण्याएवढे अंतर पुरते.

परत आल्यावर एकच विषय आणि त्याचे तीन भाग : काय झाले, त्याने काय बिघडले, मला काय हवे. ‘उचलीतले तीन हजार तुम्ही मला न सांगता भावाला दिले. पोरीच्या वह्यापुस्तकांचे राहिले. पुढच्या वेळी देण्याआधी विचारा.’ ‘तुम्ही नेहमीच’, ‘तुमच्या घरचे सगळे असेच’ हे शब्द आले की विषय पैशांवरून सात पिढ्यांवर जातो आणि समोरच्याला मूळ प्रश्नातून सुटका मिळते. मुलांच्या बाबतीत पौलाने ‘चिरडीस आणू नका’ हा नेमका शब्द दिला आहे. एकाच चुकीचे दर दोन दिवसांनी नवे टोमणे मारले की पोर चिडते, मग खचते. म्हणून चुकीला एकदा, त्याच दिवशी, एकांतात बोलायचे आणि पुन्हा उगाळायचे नाही.

आणि चुकणाऱ्याने? ‘जे काही झाले त्याबद्दल माफ कर’ ही कबुली नव्हे. नियमशास्त्रातल्याच गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अपराधी माणसाने पाप कबूल करून पूर्ण भरपाई द्यायची आणि वर पाचवा हिस्सा घालायचा, असा नियम आहे. म्हणून कृत्याचे नाव घ्यायचे : ‘मी तुझ्या आईसमोर तुला शिवी दिली.’ वाक्यात ‘पण’ आला की कबुली संपली. शिवी आईसमोर दिली असेल तर माफीही आईसमोर. मोबाइल फोडला असेल तर आपल्या पैशांतून नवा. लूक १७ मध्येही क्रम असाच आहे : त्याला दोष दाखव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. ‘सत्तर वेळा सात’ हे ज्या मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे, त्यातच त्याआधी दोष दाखवणे, दोन-तीन साक्षी नेणे आणि शेवटी मंडळीला सांगणे आहे. मधल्या पायऱ्या गाळून शेवटच्या आकड्यावर उडी मारण्याची परवानगी आपल्याला कोणी दिली?

राहिला पाळकांचा आणि वडीलजनांचा प्रश्न. त्यांची भीती मी समजू शकतो. शंभर-दीडशे घरांची मंडळी, सगळे सोयरे एकमेकांत, एक संसार मोडला की दोन गावे तुटतात. सातपुड्यात बाई माहेरी राहिली की देज, म्हणजे लग्नात मुलीच्या घरी दिलेले वधूमूल्य, परत करण्याचा तगादा येतो. म्हणून ‘जाऊ दे भो, मिटव’ हे सोपे वाटते. पण यिर्मया संदेष्ट्याने ज्यांना फटकारले ते नेमके जखमेवर वरवरचा लेप लावून ‘शांती, शांती’ म्हणणारेच होते. आपला इतिहासही इथे बोलतो. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होते. ख्रिस्ती बायकोला मात्र नुसती क्रूरता पुरत नसे, त्याला व्यभिचाराची जोड द्यावी लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ही असमानता फेटाळली आणि २००१ च्या दुरुस्तीने क्रूरता हे स्वतंत्र कारण झाले. एकशे बत्तीस वर्षे कायदा ख्रिस्ती बाईला सांगत होता, की केवळ मार म्हणजे पुरेसे काही नाही. कायदा बदलला, आपल्या शिबिरांतली भाषा अजून १८६९ ची आहे.

म्हणून जिथे मारहाण आहे तिथे समेटाची बैठक घालू नये. दोघांना एकत्र बसवून ‘सांग बाई, काय झाले’ म्हटले तर ती खरे सांगणार नाही, कारण रात्री त्याच घरी जायचे असते. तिला वेगळे भेटावे, सोबत मंडळीतली एक जाणती बाई असावी, आणि जखम असेल तर आधी सरकारी दवाखान्यात नोंद. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात शिवीगाळ आणि पैसे अडवणेही येते, कायदेशीर प्रक्रियेशिवाय राहत्या घरातून तिला काढता येत नाही, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे जायला आधी पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागत नाही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक प्रार्थनागृहाच्या फलकावर उपासनेच्या वेळांच्या शेजारी लिहायला काय हरकत आहे? ‘विश्वासणाऱ्याने कोर्टात जाऊ नये’ म्हणणाऱ्यांनी पौलाने फटक्यांआधी रोमी नागरिकत्व पुढे केले हे विसरू नये, आणि दिमिष्कात (दमास्कसमध्ये) जिवावर बेतले तेव्हा तो पाटीत बसून भिंतीवरून उतरला हेही. जीव वाचवायला निघून जाणे हा विश्वासाचा अभाव असता, तर ती पाटी शास्त्रात आली नसती.

क्षमा तिला करायची असेल ती ती तिच्या वेळेला, देवासमोर करील. परत नांदायला जाणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती त्याच्या बदललेल्या वागण्यावर ठरते. तो बदल रडून केलेल्या एका प्रार्थनेने मोजू नये. वडीलजनांनी आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी जावे. दारू सुटली का, पैशाची वही दोघांसमोर उघडते का, हात पुन्हा उठला का, हे विचारावे. आणि तिसऱ्या महिन्याची भेट तो कामावर असताना घ्यावी.